उसाकडं पाठ

कालव्याला पाणी सुटायच्या आठवडाभर आधीच्या रविवारी चांगदेव सर लुनावरून मळ्यात आले. मागं राकेश बसला होता, मांडीवर कॅमेऱ्याची काळी पेटी धरून. राकेश लग्नाची शूटिंग करायचा, आणि आसपासच्या चार वाड्यांतली केबलही त्याचीच होती.

सोपान कांद्याचे वाफे बांधत होता. त्यानं फावडं बांधाला टेकवलं आणि हात धोतराला पुसत पुढं आला.

"काय सर? पोरीनं काय केलं का?"

"नाही हो, सोपानभाऊ. कल्याणी हुशार आहे. मला तुमचं रान पाहिजे दहा मिनिटं. नववीच्या मुलांना सिनेमा शिकवायचाय."

"सिनेमा?" सोपान हसला. "त्यो तर पोरं पोटातनं शिकून येत्यात."

चांगदेव सर मूळचे आळ्याचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. उन्हाळ्यात पुण्याला कसल्या तरी शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास ते शाळेच्या टीव्हीवर घ्यायचे. पोरांना चित्र दाखवून विचारायचे, काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि काय नुसतं वाटलं. सोपानला यातलं काही उमगलं नाही, पण घरी आलेल्या मास्तरला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं बायकोला, अंजनाला, चहा टाकायला सांगितला.

दोन हजार तीन सालचा जानेवारी होता. घोडनदीच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेला होता. त्या दोन वर्षांत वरच्या बाजूला, जुन्नरकडं, बिबट्यानं माणसं धरली होती. निरगुडसरच्या खालच्या या मळ्यात अजून कुणी बिबट्या पाहिला नव्हता, पण पोरं घोळक्यानं शाळेत जात होती आणि बाया परसाकडं जातानाही दोघी-तिघी मिळून जात होत्या. एकटी झुंबरबाई, सोपानची आई, कुणाला भीत नव्हती. तिला ऐकू कमी यायचं. म्हणायची, "माझ्या हाडांवर मास कुठं ऱ्हायलंय? त्यो काय येडाय?"

ती रोजच्यासारखी उसाच्या कडेला गवत कापत बसली होती. राकेशनं कॅमेरा खांद्यावर घेतला. "आज्जी, जरा उसाकडं पाठ करून बसा."

"आँ?"

कल्याणीनं जाऊन आजीला वळवून बसवलं. मागं उसाची हिरवी भिंत, पुढं म्हातारी, हातात विळा. वाऱ्यानं पाचट हलत होतं. राकेशनं दोन मिनिटं शूटिंग केलं. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि लुना निघून गेली.

बुधवारी मधल्या सुट्टीत सरांनी कल्याणीला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टेपरेकॉर्डर होता आणि पाण्याचं एक रिकामं मडकं.

"यात तोंड घाल आणि श्वास सोड. हळू. घशातून."

पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा ठसका लागला. चौथ्या वेळी जो आवाज मडक्यातून परत आला, तो ऐकून तिनं तोंड झटकन बाहेर काढलं. तिच्या मानेवर काटा आला होता.

"हाच," सर म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. आधी कळलं तर धडाच व्हायचा नाही."

राकेशनं लग्नाच्या कॅसेटवर गाणी चढवतात तसा तो आवाज आजीच्या चित्रावर चढवला. शनिवारी खिडक्यांना पोती लावून खोली काळोखी केली होती. पहिल्यांदा सरांनी चित्र मुकं दाखवलं. पोरं कंटाळली. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज घातलेलं तेच चित्र दाखवलं.

"आजी कशी आहे?"

"सुखात आहे, सर," कल्याणीच्या शेजारी बसलेली आरोही म्हणाली.

मग तिसऱ्यांदा. आजी गवत कापत होती आणि खोलीत कुणीतरी जड, ओला श्वास घेत होतं. बाकांची करकर थांबली. आरोहीनं कल्याणीचा दंड घट्ट धरला. एक मुलगी डोळे झाकून म्हणाली, "सर, बंद करा."

सरांनी टीव्ही बंद केला. "काय दिसलं?"

"बिबट्या, सर."

"कुणी पाहिला?"

"मी पाह्यला," आरोही म्हणाली. "मागं ऊस हलला."

"ऊस तर मघाशीही हलत होता," सर म्हणाले. "तेव्हा तुला आजी सुखात दिसली. आता कुठं दिसला बिबट्या? डोळ्यांनी की कानांनी?"

घंटा झाली. आवाज कशाचा ते पुढच्या तासाला सांगतो, असं सर म्हणाले. पण सोमवारी त्यांना आठवडाभराच्या प्रशिक्षणाचा कागद आला आणि ते पुण्याला गेले. कॅसेट राकेशकडं राहिली.

त्याच सोमवारी पाणी सुटलं. त्याच दिवशी सांजेला बातम्या झाल्यावर राकेशनं ते चित्र केबलवर लावलं. वर पट्टी टाकली, 'सावधान, आपल्या शिवारात बिबट्या'. कल्याणी भाकरी खाता खाता तशीच राहिली. तिच्याच घरातल्या टीव्हीतून तिचाच श्वास येत होता.

"आयो!" अंजना किंचाळली. "ही तर आत्याबाई! आत्याबाईंच्या मागंच व्हता की वो!"

सोपान उठून टीव्हीच्या जवळ गेला. "आरं तिच्या... राकेश बोलला कसा न्हाई आपल्याला?"

सांगावं म्हणून कल्याणीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात गेणभाऊ आला, त्याच्या मागं आणखी चौघं. गेणभाऊचं रान यांच्या बांधाला लागून होतं. त्यानं झुंबरबाईचे पाय धरले. "म्हातारे, वाचलीस गं! हातभर लांब व्हता."

"कोण व्हता?"

"वाघरू! तुज्या मागं! ऐकलं न्हाई का तू?"

"मला तर काय ऐकू आलं न्हाई."

"तुला कुठं ऐकू येतंय!"

सगळे गंभीरपणे मान हलवत होते. त्या सगळ्यांपुढं, तो मीच होते, हे कल्याणीनं सांगितलं नाही. उद्या सांगू, सर आले की सरच सांगतील, असं तिनं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या लागणीला यायच्या बाया आल्या नाहीत. लंकाबाई वरच्या गावाहून बारा बाया घेऊन टेंपोनं यायची. टेंपो आला, त्यात एकटी लंकाबाई. ती खालीसुद्धा उतरली नाही.

"न्हाई यायच्या, सोपानभाऊ. लेकुरवाळ्या बाया हायेत. टीवीवर बघितलं सगळ्यांनी. तुमच्याच उसाच्या कडंला."

"अगं, पाणी सुटलंय! रोप उपटून ठिवलंय!"

"मग मी काय करू? एखादीला धरलं तर तिच्या घरी काय सांगू?"

टेंपो वळून गेला. उपटलेल्या रोपाच्या जुड्या ओल्या पोत्याखाली पडल्या होत्या. चार दिवसांत नाही लागल्या तर पिवळ्या पडणार, आणि पाण्याची पाळी पुढं सरकली की वाफे कोरडे. सोपाननं जुडी उचलली आणि चिखलात बसला. अंजना बसली. कल्याणीची शाळा बंद झाली, तीही बसली.

तीन दिवस तिघांनी लागण केली. बारा बायांचं रान तिघांना. बोटांची पेरं चिखलानं फुगली आणि नखांत माती बसून ठणकू लागली. अंजनाला कंबर सरळ करता येईना. ती एका वाफ्यातून दुसऱ्यात ओणवीच जायची. आणि दर थोड्या वेळानं तिघंही मान वर करून उसाकडं बघत. ऊस सळसळला की सोपान हातातली जुडी टाकून काठी उचलायचा. कल्याणीला माहीत होतं की तिथं काही नाही. तरीही तिची मान वळायची. हे तिला सगळ्यात भयानक वाटलं. स्वतः मडक्यात फुंकलेल्या श्वासाला ती स्वतःच भ्यायला लागली होती.

झुंबरबाई तर घराबाहेर येईना. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मानंवर काय तरी ऊन ऊन लागलं व्हतं खरं." तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून ती सांगत होती, "त्याचा वास आला व्हता मला. कुजक्या मासाचा. मी म्हणलं, मागं बघायचं न्हाई." रात्री उठून बाहेर जावं लागू नये म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं.

"आज्जे, तिथं कुणी नव्हतं," कल्याणी तिच्या कानाशी म्हणाली.

"तू गप. माज्या पाठीला म्हाईत."

गवत आणायला आता अंजना जाऊ लागली. शुक्रवारी दुपारी ती विळा घेऊन उसाच्या पहिल्या सरीत शिरली. तिकडून गेणभाऊ आणि पाच-सहा गडी डबे वाजवत उसाच्या कडेनं येत होते. दोन दिवस ते असेच हिंडत होते, हातात काठ्या, खिशात धोंडे. त्यांना पाचट मोडल्याचा आवाज आला. उसात काहीतरी खाली, जमिनीलगत हललं.

"हाय! हाय! मारा!"

अंजनाची आरोळी ऐकू आली तेव्हा दोन धोंडे सुटलेले होते.

सोपान आणि कल्याणी चिखलातून पळत गेले. अंजना सरीत बसली होती. डाव्या मनगटाला हात लावून ती नुसती बघत होती. हाड कातडीखाली वाकडं उभं राहिलं होतं. गेणभाऊनं काठी टाकली. "वैनी... वैनी, मला काय म्हाईत..." त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचं त्याला भान नव्हतं.

मंचरला नेऊन प्लॅस्टर घातलं. परतताना जीपमध्ये अंजना डोळे मिटून सोपानच्या खांद्यावर टेकली होती. कल्याणी समोर बसली होती. फाट्यावर जीप थांबली आणि बाकीची माणसं उतरली, तेव्हा ती बापाला म्हणाली, "दादा, त्यो बिबट्या न्हाई. त्यो मी हाये."

सोपानला वाटलं, पोरगी घाबरून बरळतेय. "काय?"

तिनं सगळं सांगितलं. मडकं, टेपरेकॉर्डर, सर, राकेश. सांगताना ती बापाच्या तोंडाकडं बघत नव्हती, आईच्या पांढऱ्या प्लॅस्टरकडं बघत होती. सोपान मारील असं तिला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. अंजनानं डोळे उघडले आणि परत मिटले.

"चार दिस," सोपान म्हणाला. "चार दिस तू माज्या शेजारी चिखलात बसलीस. मी उसाकडं बघायचो, तवा तूबी बघायचीस."

"मला भ्या वाटलं."

"कशाचं?"

ती आईच्या प्लॅस्टरखाली हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माजघरातलं मडकं काखेत घेतलं आणि तिचं मनगट धरून तिला दूध डेअरीवर नेलं. कॅन घेऊन तीस-चाळीस माणसं रांगेत उभी होती. गेणभाऊ मान खाली घालून शेवटी उभा होता.

"ऐका रं," सोपान म्हणाला. "माज्या पोरीला सांगायचंय."

कल्याणीनं सांगितलं. रांगेतला एकजण म्हणाला, "बाया कामाला याव्यात म्हणून शिकवून आणलीय पोरगी." दुसरा म्हणाला, "टीवी काय खोटं दावंल व्हय?"

"कर," सोपान म्हणाला.

तिनं मडक्यात तोंड घातलं. नुसती हवा निघाली, फुसकन. माणसं हसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी मडक्याच्या काठावर पडलं. तिनं डोळे मिटले आणि शुक्रवारी उसातून आलेली आईची आरोळी आठवली. मग तो आवाज आला. डेअरीच्या पत्र्याखाली तो घुमला. पुढच्या माणसाच्या हातातलं झाकण खाली पडलं. एक म्हातारा दोन पावलं मागं सरकला.

आणि मग सगळे एकदम हसायला लागले. पोट धरून, एकमेकांच्या पाठी बडवत हसले. पाच दिवसांचं हसू होतं ते. गेणभाऊ तेवढा हसला नाही. तो कॅन तिथंच ठेवून आला आणि कल्याणीसमोर उभा राहिला.

"पोरी, आदी बोलायचं व्हतंस," तो म्हणाला. "माज्या हातनं तुज्या आयचं हाड मोडलं."

दोन दिवसांनी चांगदेव सर आले ते थेट मळ्यात. अंजनाच्या हाताकडं बघून त्यांना बसवेना. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "धडा अर्धा ठेवून जायला नको होतं." राकेशनं, मी तर जागृतीसाठी दाखवलं, असं म्हणून अंग काढून घेतलं. सरांनी शाळेच्या ओट्यावर टीव्ही आणून भर दुपारी गावाला तिन्ही चित्रं दाखवली. मुकं, घुंगरांचं आणि श्वासाचं. लोकांनी श्वासाचं चित्र चार वेळा लावायला सांगितलं आणि चारही वेळा हसले. झुंबरबाईला सोपाननं हाताला धरून आणलं होतं. ती पडद्यावरच्या स्वतःकडं बघत राहिली.

"मंग माज्या मानंला ऊन काय लागलं?" तिनं विचारलं.

गावानं भीती अंगावरचं घोंगडं टाकावं तशी टाकली. पोरं एकेकटी शाळेत जाऊ लागली. डबे वाजवणारे गडी घरी बसले. दुसऱ्या सकाळी लंकाबाईचा टेंपो आला, त्यात बाराच्या बारा बाया होत्या. पहिल्या जुड्या वाया गेल्या होत्या. उरलेलं रोप वाढून चाललं होतं, पण अजून जमण्यासारखं होतं. पाण्याची पाळी गेणभाऊनं स्वतःची सोपानला दिली होती.

बाया हसत-खिदळत चिखलात उतरल्या. "कल्याणे, मडकं कुठंय गं?" लंकाबाईनं विचारलं. "आमच्या मुकादमाला येकदा ऐकीव."

सोनीबाई नावाची एक बाई होती, तिची वर्षाची पोर बरोबर होती. दहाच्या सुमाराला ऊन चढलं तशी तिनं पोर पोत्यावर निजवली, उसाच्या सावलीत. आधीच्या आठवड्यात तिनं हे केलं नसतं. आता कुणाला त्यात काही वाटलं नाही. झुंबरबाईसुद्धा वाफ्याच्या टोकाला बसून जुड्या सोडत होती. कल्याणी उसाच्या बाजूच्या ओळीत होती.

सातभाई पाखरांचा थवा सकाळपासून उसाच्या कडेला कलकलाट करत होता. तो थांबला.

कल्याणीचा हात चिखलात तसाच राहिला. चरातलं पाणी वाजत होतं, लांब कुणाची मोटार चालू होती, बाया बोलत होत्या. पण उसाच्या बाजूनं काहीच येत नव्हतं. पाखरू नाही, किडा नाही. जणू त्या बाजूचा आवाज कुणी काढून घेतला होता.

ती उभी राहिली. "मावशी, गप बसा जरा."

"का गं? येतंय का वाघरू?"

बाया फिस्सकन हसल्या.

"मावशी, खरंच गप बसा. तिकडं काय तरी हाये."

"आता न्हाई फसायचो बाई आमी," लंकाबाई म्हणाली आणि रोप चिखलात खोचत पुढं सरकली. बाया परत हसल्या. कल्याणीनं बापाकडं बघितलं. तो लांब वाफ्यांना पाणी देत दारं धरत होता. तिनं आजीकडं बघितलं. आजीला हसणं ऐकू आलं नव्हतं, बोलणंही नाही. ती नातीचं तोंड बघत होती. बघता बघता म्हातारीच्या हातातली जुडी गळाली. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पोत्यावरच्या पोरीकडं बोट करून ओरडली, "पोर! आगं, पोर उचला!"

कल्याणी पळाली. चिखलानं पाय धरून ठेवत होता. पोत्यापाशी जाऊन तिनं पोर उचलली, आणि खालून वर येताना तिला तो दिसला. उसाच्या दुसऱ्या सरीत तो बसला होता. मांजर बसतं तसा, पुढचे पाय जुळवून. पाचटात पाचटाच्याच रंगाचा. चार-पाच हात लांब. त्याचे डोळे तिच्याकडं नव्हते, पोरीच्या लोंबत्या पायाकडं होते.

तिनं पोरीचे पाय पोटाशी घेतले. पाठ फिरवायची नाही एवढं तिच्या अंगाला कळत होतं. ती एक पाऊल मागं गेली. त्यानं मान उचलली. दुसरं पाऊल. पोर जागी झाली आणि रडायला लागली. कल्याणीच्या मांड्यांवरून ऊन पाणी वाहत होतं, ते तिला कळलं आणि लाजही वाटली नाही. तिसरं पाऊल बांधावर पडलं.

मागं सोनीबाईनं किंकाळी फोडली. आता सगळ्यांनीच बघितलं होतं. झुंबरबाई पाण्याची घागर फावड्यानं बडवत पुढं येत होती, शिव्या देत. तो उठला. घाई नाही. एकदा सगळ्या बायांकडं बघितलं, वळला आणि उसात गेला. कसलाही आवाज झाला नाही. पाचटसुद्धा वाजलं नाही.

सोनीबाईनं पोर घेतली तेव्हा कल्याणीची बोटं पोरीच्या अंगावरून सोडवावी लागली. ती खाली बसली आणि तिला उलटी झाली. लंकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

वनखात्याची माणसं आली. ओल्या वाफ्याच्या कडेला उठलेला पंजा त्यांनी मोजला. पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. शेळी दिवसभर ओरडायची. तिसऱ्या दिवसापर्यंत पिंजरा रिकामाच होता. अजून सात वाफे राहिले होते आणि पाळीचं पाणी उद्या तुटणार होतं. सोपान टेंपोच्या वाटेकडं बघायचंही टाळत होता. अंजना एका हातानं जुड्या सोडत होती.

टेंपो आला. नऊच बाया उतरल्या. त्यांत सोनीबाई होती. पोर ती घरी ठेवून आली होती. पदर खोचून बाया वाफ्यात उतरल्या, पण बसेना कुणी. सगळ्यांच्या माना उसाकडं.

कल्याणी जुडी घेऊन आपल्या ओळीत बसू लागली, तेव्हा लंकाबाईनं तिच्या हातातून जुडी काढून घेतली.

"तू लागण करायची न्हाई," ती म्हणाली. "तू बांधावर बस."

"का मावशी?"

"बस अन् ऐक. तू उठलीस की आमी पळायचं. तू बसली हाईस तवर आमी काम करतो." मग तिनं मागं वळून बायांना सांगितलं, "चला गं, खाली बसा. पाणी तुटंल."

बाया एकेक करून खाली बसल्या. पुढं रोप लावत जायचं म्हणजे उसाकडं पाठ येत होती. त्यांनी पाठी केल्या. थोड्या वेळानं त्यांची बोटं चालायला लागली, मग एक-दोघी हळू आवाजात बोलायलाही लागल्या.

कल्याणी बांधावर बसली, उसाकडं तोंड करून. वारा पडला होता. पिंजऱ्यातली शेळी ओरडायची थांबली, मग परत ओरडली, आणि त्या दोन्हींच्या मधे तिनं श्वास घेतला नाही. मागं नऊ बाया, आई आणि आजी होती. सगळ्यांच्या पाठी तिच्या कानांवर सोपवलेल्या होत्या. ऊन वर येत होतं आणि सात वाफे राहिले होते.